हिटलर पाहिजे म्हणता, पण मिळतो तो हायड्रिख

आपल्याकडे एक वाक्य फार लोकप्रिय आहे. ट्रॅफिकमध्ये अडकलं की, तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी तिसरा खेटा घातला की, किंवा नुसतंच जेवणानंतर कॅन्टीनमध्ये बडीशेप चघळताना कोणीतरी ते म्हणतंच. "ह्या देशाला ना, एक हिटलरच पाहिजे. दोन वर्षं द्या फक्त. सगळे सुतासारखे सरळ होतील."

म्हणणारा माणूस दुष्ट वगैरे अजिबात नसतो. उलट बहुतेक वेळा तो कर्जाचे हप्ते वेळेवर भरणारा, सिग्नलला थांबणारा, रांगेत उभा राहणारा असा असतो, आणि जे थांबत नाहीत त्यांचा त्याला मनापासून राग असतो. आमच्याच टीममध्ये असे तिघे आहेत. तिघांचंही काम चोख.

ह्यांच्याशी वाद घालताना छळछावण्या किंवा महायुद्ध काढलं की ते हात झटकतात. "ते सोड रे. तसला हिटलर कोणाला पाहिजे? मी फक्त शिस्तीचं बोलतोय." ठीक आहे, मग फक्त शिस्तीचंच बोलू. गंमत अशी की हिटलर स्वतः अतिशय बेशिस्त माणूस होता. रात्री जागायचा, सकाळी उशिरा उठायचा, फायली वाचायचा त्याला कंटाळा. रोज सकाळी वेळेवर हापिसात येऊन फायली उघडणारा माणूस वेगळा असतो. हिटलर मागणाऱ्याला रोजच्या व्यवहारात जो भेटणार असतो तो हा माणूस. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजच्या वयात वाचलेलं असतं, त्यामुळे हिटलर, गोबेल्स, गोअरिंग ही मंडळी ओळखीची असतात. राइनहार्ड हायड्रिखकडे मात्र आपलं तितकं लक्ष जात नाही. गेल्या काही विकांतांना मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. आणि वाचताना सारखं वाटत राहिलं, की हा माणूस आमच्या धंद्यात असता तर कुठल्याही कंपनीने त्याला डोळे झाकून मॅनेजर केलं असतं.

जन्म ७ मार्च १९०४, हाल गावी. वडील ब्रूनो हायड्रिख हे ऑपेराचे गायक आणि संगीतकार, गावात स्वतःची संगीतशाळा काढलेले. आईचे वडील ड्रेस्डेनच्या संगीतशाळेचे प्रमुख. म्हणजे घर पूर्ण गाण्याबजावण्याचं. मुलाचं मधलं नाव ट्रिस्टान ठेवलं, वाग्नरच्या ऑपेरातलं. मुलगा व्हायोलिन खरोखर उत्तम वाजवायचा आणि शेवटपर्यंत वाजवत राहिला. (कलेने माणूस संस्कारित होतो असं मानणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) पहिल्या महायुद्धानंतर घरची परिस्थिती ढासळत गेली, पोरगा १९२२ साली नौदलात गेला. आवाज चिरका, त्यावरून इतर कॅडेट टिंगल करायचे. संदेशवहन विभागात अधिकारी झाला. नोकरी नीट चालली होती.

१९३० च्या डिसेंबरात त्याला लीना फॉन ऑस्टेन भेटली आणि थोड्याच दिवसांत साखरपुडा झाला. अडचण एवढीच की आणखी एका मुलीची अशी समजूत होती की तो तिच्याशी लग्न करणार आहे. तिच्या घरून तक्रार गेली. नौदलाच्या सन्मान-न्यायालयापुढे हा पठ्ठ्या नम्र राहिला असता तर कदाचित ताकीद देऊन सोडलाही असता, पण त्याने उर्मटपणे सगळा दोष त्या मुलीवर ढकलला. १९३१ च्या वसंतात बडतर्फ. वय सत्तावीस, मंदीचा कहर, लाखो बेकार, हातात दुसरं कुठलंही कौशल्य नाही. राजकारणात त्याला तोवर फारसा रस नव्हता. नाझी पक्षाची सदस्य होती ती लीना.

आणि आता ती मुलाखत. आमच्या धंद्यात रेझ्युमेवरच्या एका शब्दावर माणसं नोकरीला लागतात हे मी पाहिलंय, पण ह्याच्याइतकं भारी उदाहरण नाही. हाइनरिख हिमलरला एस.एस.साठी स्वतःचं हेरखातं काढायचं होतं आणि त्याला माणूस हवा होता. हायड्रिख कुटुंबाच्या ओळखीतल्या एकाने नाव सुचवलं. नौदलात हा 'नाखरिख्टेन' अधिकारी होता. ह्या जर्मन शब्दाचा अर्थ बातमी, निरोप, खबर असा सगळाच होतो. आपल्याकडे 'बातमीदार' म्हणजे शिवकाळात हेर आणि आज वार्ताहर, तसंच काहीसं. हायड्रिखच्या बाबतीत त्याचा अर्थ होता बिनतारी संदेशयंत्रणा सांभाळणारा. हिमलर समजला हेरखात्यातला. आयत्या वेळी हिमलर आजारी पडून भेट रद्द होत होती, पण लीनाने ह्याला तरीही गाडीत बसवून म्युनिकला पाठवलं. १४ जून १९३१ रोजी हिमलरच्या कोंबड्यांच्या फार्मवर भेट झाली. हिमलर म्हणाला, असं खातं तू कसं उभारशील ते वीस मिनिटांत कागदावर लिहून दाखव. ह्याला हेरगिरीतलं ओ की ठो माहीत नव्हतं. डिटेक्टिव्ह आणि हेरकथा मात्र भरपूर वाचलेल्या. त्यातलं आठवेल ते लष्करी भाषेत मांडलं आणि नोकरी मिळाली.

जगातल्या एका अत्यंत क्रूर गुप्त पोलिस यंत्रणेचा आराखडा एका बेकार माणसाने रहस्यकथांच्या आठवणीतून लिहिला, आणि तो एका अयशस्वी कोंबडीपालकाने मंजूर केला. हसू येतं. पण लक्षात घ्या, दोघांपैकी कोणीही तोवर कोणाचा जीव घेतलेला नव्हता.

सुरुवात अगदीच फाटकी होती. पक्षाच्या म्युनिकमधल्या मुख्यालयात, ब्राउन हाउसमध्ये, दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली खोली. टाइपरायटरसुद्धा सामायिक. हायड्रिखने काम सुरू केलं ते कार्डांनी. एका माणसाचं एक कार्ड. नाव, पत्ता, धंदा, कोणाशी ऊठबस, काय बोलला, पैशांची किंवा बायकांची काही भानगड. शत्रूंची कार्डं आणि स्वपक्षीयांचीही. पुढे ह्या खात्याला एस.डी. हे नाव मिळालं.

मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो, म्हणून मला ह्यात जे दिसतं ते सांगतो. कार्डावरची माहिती बहुतेक वेळा क्षुल्लकच असते. अमुक माणूस तमुक क्लबात जातो, ह्यात काय आहे? ताकद असते ती शोधता येण्यात. दहा हजार लोकांबद्दलची कुजबुज दहा हजार डोक्यांत विखुरलेली असते तोवर ती कुजबुज असते. तीच एका खोलीत आडनावानुसार लावून ठेवली, की त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे त्याला सगळे नमस्कार करू लागतात. हायड्रिखला हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं असं मला वाटतं. बाकीचे नाझी तेव्हा रस्त्यावर डोकी फोडत होते आणि हा माणूस कार्डं लावत होता.

गंमत म्हणजे त्याचंही कार्ड होतं. त्याच्या आजीने दुसरं लग्न केलं होतं ते झ्यूस नावाच्या माणसाशी. हे आडनाव लोकांना ज्यू वाटे, त्यामुळे हालमध्ये 'हायड्रिख मूळचे ज्यू' अशी वदंता होती. संगीतकारांच्या एका कोशातही वडिलांच्या नावापुढे हे आडनाव छापून आलं होतं. १९३२ मध्ये पक्षाच्याच एका प्रादेशिक नेत्याने वर चौकशीचं पत्र पाठवलं. पक्षाच्या वंशावळ-तज्ज्ञाने कागदपत्रं तपासली आणि निर्वाळा दिला की तसं काही नाही. प्रकरण मिटलं, पण पूर्ण कधीच नाही. कुजबुज आयुष्यभर त्याच्या मागे राहिली. म्हणजे एका छापील नोंदीने माणूस कसा टांगता राहतो ह्याचा अनुभव ह्याला स्वतःला होता. त्यातून त्याने काय घेतलं ते पुढे दिसतंच.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चान्सलर झाला. मार्चमध्ये नाझींनी बव्हेरियाचं सरकार ताब्यात घेतलं, हिमलर म्युनिकचा पोलिसप्रमुख झाला आणि हायड्रिख तिथल्या राजकीय पोलिस विभागाचा मुख्य. ह्या टप्प्यावर मला जरा रेंगाळायचंय, कारण 'हिटलर पाहिजे' वाल्यांना मी नेहमी हीच गोष्ट सांगतो.

हायड्रिख त्या इमारतीत शिरला तेव्हा ती रिकामी नव्हती. तिथे फायली होत्या. लोकशाही सरकारच्या काळात, निवडून आलेल्या मंत्र्यांच्या हाताखाली, कायद्याने चालणाऱ्या पोलिसांनी जमवलेल्या. कम्युनिस्टांवर नजर ठेवायला, आणि काही प्रमाणात नाझींवरसुद्धा! हेतू प्रामाणिकच होता. म्युनिकमध्ये १९१९ साली डाव्यांचं बंड आणि १९२३ साली हिटलरचं बंड असं दोन्ही होऊन गेलेलं. कुठल्याही सरकारने माहिती ठेवलीच असती. पण नवीन साहेब आला आणि सगळं तयार मिळालं. आयत्या बिळावर नागोबा. कोण कम्युनिस्ट, कुठे राहतो, कोणाकडे बैठका होतात, हे शोधायला त्याला एक दिवससुद्धा लागला नाही. म्युनिकजवळ डाखाउची छावणी २२ मार्च १९३३ ला सुरू झाली.

आणि फायलींबरोबर माणसंही मिळाली. हाइनरिख म्युलर हा ह्यातला सर्वांत शिकण्यासारखा नमुना. विमानदलात लढलेला, १९१९ पासून म्युनिक पोलिसात, कम्युनिस्टविरोधी कामातला तरबेज. नाझी नव्हता. मार्च १९३३ मध्ये नाझी पोलिस मुख्यालय ताब्यात घ्यायला आले तेव्हा त्यांना विरोध करावा असं म्हणणाऱ्यांत तो होता, असं सांगतात. साध्या हिशोबाने ह्याला पहिल्या दिवशी घरी पाठवायला हवं होतं. हायड्रिखने त्याला ठेवून घेतलं, आणि त्याच्यासारख्या इतर अनुभवी लोकांनाही. पुढे काही वर्षांनी म्युलरच्या बढतीच्या वेळी पक्षाच्या स्थानिक शाखेने मत कळवलं, त्याचा मतितार्थ असा की हा माणूस डाव्यांवर तुटून पडायचा हे खरं, पण उजव्यांवर तुटून पडायचं काम दिलं असतं तर तेही त्याने तितक्याच जोमाने केलं असतं, वरिष्ठांची शाबासकी मिळवण्यासाठी. पक्षाचा सभासद तो झाला थेट १९३९ मध्ये. त्याच वर्षी गेस्टापोचा प्रमुखही झाला आणि १९४५ पर्यंत राहिला.

नवीन कंपनीने जुनी कंपनी विकत घेतली की काय होतं ते आम्ही लोक नेहमी बघतो. वरचे चार चेहरे बदलतात. पण रात्री सर्व्हर पडला तर कुठली वायर हलवायची हे ज्याला माहीत असतं त्याला कोणी हात लावत नाही. तो काल ज्या उत्साहाने जुन्या मालकाचं काम करायचा त्याच उत्साहाने आज नव्याचं करतो, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. हायड्रिखची खरी हुशारी ही की त्याने निष्ठावंतांची खोगीरभरती केली नाही. त्याने काम येणारी माणसं निवडली आणि त्यांच्या मनात एक छोटीशी भीती कायम ठेवली, की तुमचा भूतकाळ मला माहीत आहे. अशी माणसं जास्त राबतात.

कायद्याचं काय, असं कोणी विचारेल. कायदा होता की! राइखस्टागच्या आगीनंतर २८ फेब्रुवारी १९३३ च्या अध्यादेशाने नागरिकांचे मूलभूत हक्क 'तूर्त' स्थगित झाले. ते तूर्त बारा वर्षं चाललं. त्याच्या आधारे 'संरक्षक कोठडी' आली. खटला नाही, मुदत नाही. आणि १० फेब्रुवारी १९३६ च्या कायद्याने गेस्टापोच्या कामात प्रशासकीय न्यायालयांनी ढवळाढवळ करायची नाही असं ठरलं. ह्या सगळ्याला कायदेशीर पोशाख शिवणारा वेर्नर बेस्ट हा पूर्वाश्रमीचा न्यायाधीश, डॉक्टरेट झालेला. त्याचा युक्तिवाद साधारण असा की पोलिस हे समाजाच्या देहाचे डॉक्टर आहेत, रोग दिसला की काढायचा. डॉक्टरला कोणी वॉरंट विचारतं का?

दरम्यान हायड्रिख चढतच होता. १९३३-३४ मध्ये एकेका जर्मन राज्याचे राजकीय पोलिस हिमलरकडे येत गेले. शेवटी प्रशिया उरलं. तिथली गेस्टापो गोअरिंगने काढलेली, तीही जुन्या प्रजासत्ताकाच्या राजकीय पोलिसांच्याच पायावर. एप्रिल १९३४ मध्ये ती हायड्रिखच्या हातात आली. दोन महिन्यांनी, ३० जूनला, हिटलरने स्वतःच्याच वादळी सैनिकांच्या नेत्यांचा काटा काढला. मारायच्या लोकांच्या याद्या करण्यात हायड्रिख पुढे होता. मारला गेलेला एर्न्स्ट र्‍योम हा हायड्रिखच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता होता. त्याच दिवशी एरिख क्लाउझनर नावाच्या माणसाला त्याच्या सरकारी कचेरीत गोळी घालण्यात आली. मारेकरी हायड्रिखने पाठवलेला. क्लाउझनर कॅथलिक संघटनेचा नेता होता, पण त्याआधी १९३३ पर्यंत तो प्रशियाच्या गृहखात्यात पोलिस विभागाचा प्रमुख होता. ३ जुलैला एक छोटासा कायदा करून झालेल्या हत्या कायदेशीर ठरवल्या. शिस्त!

आता संख्या बघा. सिनेमे बघून आपल्याला वाटतं की प्रत्येक कोपऱ्यावर लांब कोट घातलेला गेस्टापोचा माणूस उभा असायचा. प्रत्यक्षात १९३७ च्या सुमाराला अख्ख्या जर्मनीत गेस्टापोची माणसं होती सात हजाराच्या आसपास, त्यातही कारकून आणि टायपिस्ट आले. ड्युसेलडॉर्फच्या विभागात सुमारे चाळीस लाख लोकांमागे २८१. एवढ्या लोकांत धड एका मोठ्या गावावर पाळत ठेवता येणार नाही. मग ही यंत्रणा चालली कशी?

उत्तर इतिहासकार रॉबर्ट गेलाटेली ह्यांनी १९९० च्या पुस्तकात दिलं. गेस्टापोच्या बहुतेक फायली युद्धाअखेर जाळल्या गेल्या, पण वुर्झबुर्ग शहरातल्या हजारो वाचल्या. त्यांनी त्या तपासल्या. ज्यूंशी मैत्री किंवा संबंध ठेवल्याच्या प्रकरणांत निम्म्याहून अधिक फायली सामान्य नागरिकाने केलेल्या चुगलीपासून सुरू झाल्या होत्या. शेजारी, सहकारी, घरमालक, नातेवाईक. कोणाचा जिन्यावरून वाद. कोणाला नवरा नकोसा झालेला. कोणाला शेजारच्याचा धंदा बंद पडायला हवा होता. पोटातून नाझी असलेले त्यांत थोडे. बहुतेकांनी एक फुकटची सोय वापरली. पूर्वी निनावी पत्र टाकलं तर काही होत नसे. आता दोन दिवसांत माणूस उचलला जाई.

'सगळे सरळ होतील' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना ह्या जागी मी थांबवतो. बाबांनो, तुम्ही गृहीत धरलंय की वाकडे कोण ते ठरवणार तुम्ही. ते ठरवणार तुमच्या वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांच्या पार्किंगवरून तुमचं भांडण आहे. हुकूमशाही काकांना क्रूर बनवत नाही. ती फक्त काकांना एक खिडकी उघडून देते आणि आत बसलेला माणूस म्हणतो, "बोला, काय तक्रार आहे?"

एका मित्राचं ह्यावर उत्तर ठरलेलं. "आपल्याकडे लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" हेही आमच्या क्षेत्रातलं आवडतं वाक्य. हॉलंडमधल्या लोकांकडेही लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तिथली लोकसंख्या नोंदणी युरोपात नावाजलेली, प्रत्येकाचं व्यवस्थित कार्ड, त्यावर धर्मसुद्धा. कोणाचंही वाईट व्हावं म्हणून ते केलेलं नव्हतं. १९४० मध्ये जर्मन आले आणि त्यांना ती कार्डं मिळाली. नेदरलँड्समधल्या साधारण १ लाख ४० हजार ज्यूंपैकी एक लाखाहून जास्त मारले गेले. २७ मार्च १९४३ ला काही लोकांनी जिवावर उदार होऊन अॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात स्फोट घडवले, आग लावली. त्यांत कलावंत होते. कागदच मारेकरी आहे हे त्यांना कळलं होतं. जळला तो थोडाच भाग. बारा जणांना गोळ्या घातल्या.

एकूण डेटा म्हणजे पापच, असं मला म्हणायचं नाहीये. मी तोच धंदा करतो, आणि रेशन, दवाखाना, शाळा हे सगळं नोंदींशिवाय चालत नाही. पण नोंद करणाऱ्याचा हेतू नोंदीबरोबर साठवला जात नाही. तो कॉलम कुठल्याच टेबलात नसतो.

पुन्हा हायड्रिखकडे. १९३६ मध्ये गेस्टापो आणि गुन्हे अन्वेषण पोलिस दोन्ही त्याच्या हाताखाली एकत्र झाले, सप्टेंबर १९३९ मध्ये एस.डी. धरून सगळ्याचं एकच महाकाय कार्यालय झालं. कार्डंही सुधारली होती. युद्ध सुरू झाल्यास कोणाला कधी उचलायचं ह्याप्रमाणे लाल, निळ्या, हिरव्या रंगाच्या पट्ट्या. १९४० मध्ये ब्रिटन जिंकल्यावर अटक करायच्या लोकांची २८२० नावांची यादी ह्याच कार्यालयाने केली. त्यात सिग्मंड फ्रॉइड आहे, जो आधीच्याच वर्षी वारला होता! जुना डेटा न पुसण्याचा रोग तिथेही होता तर. :-)

पण हसण्यासारखं एवढंच. जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर हल्ला झाला तेव्हा सैन्यामागून हायड्रिखच्या चार तुकड्या गेल्या. माणसं साधारण तीन हजार. त्यांचे म्होरके पाहिले तर वकील, अर्थशास्त्रज्ञ, डॉक्टरेटवाले. एकाच्या नावामागे तर दोनदा डॉक्टर. ह्या तुकड्या आणि त्यांच्या साथीदारांनी १९४१ अखेरपर्यंत सुमारे पाच लाख ज्यूंना, बायका-मुलांसकट, खड्ड्यांच्या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. आणि अहवाल बर्लिनला जवळजवळ रोज जात होते. लिथुएनियातल्या कार्ल येगर नावाच्या अधिकाऱ्याचा १ डिसेंबर १९४१ चा अहवाल उपलब्ध आहे. तारीख, गाव, पुरुष, स्त्रिया, मुलं, बेरीज. पानामागून पान. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर ओढलेली. शेवटी आकडा: १,३७,३४६.

आयुष्यभर एक्सेलची पानं बघत आलोय. ते पान बघून मी लॅपटॉप मिटला होता.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वानझे तळ्याकाठच्या बंगल्यात हायड्रिखने बैठक घेतली. पंधरा माणसं, त्यांतले आठ डॉक्टरेट. युरोपातल्या ज्यूंचा देशवार तक्ता पुढ्यात, एकूण एक कोटी दहा लाखांवर. बैठकीत 'मारायचं की नाही' ही चर्चा नव्हतीच, ती वेळ मागे पडली होती. चर्चा होती कोणतं खातं काय करणार आणि मिश्र विवाहांचं काय करायचं ह्याची. बैठक साधारण दीड तासात आटोपली. आपल्या बैठकाही इतक्या वेळेत संपत नाहीत.

कोणी म्हणेल, हायड्रिख हा अपवाद, जन्मजात राक्षस. मला हे पटत नाही, पण 'तो फक्त यंत्रातला एक खिळा' हेही पटत नाही. त्याला कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. तो महत्त्वाकांक्षी होता, कष्टाळू होता, आणि समोरचा माणूस त्याला दिसत नव्हता, फक्त काम दिसायचं. असे लोक प्रत्येक समाजात, प्रत्येक कचेरीत असतात. चांगल्या व्यवस्थेत त्यांना ऑडिट असतं, न्यायालय असतं, वर्तमानपत्र असतं, वर तक्रार करता येते. तेव्हा ते नुसते खडूस साहेब म्हणून निवृत्त होतात. 'दोन वर्षं द्या' म्हणणारा नेमक्या ह्याच गोष्टी दोन वर्षांपुरत्या काढून ठेवायला सांगत असतो.

सप्टेंबर १९४१ मध्ये त्याला प्रागला पाठवलं, चेक प्रदेशाचा कारभारी म्हणून. आल्या आल्या मार्शल लॉ, शेकडो फाशी आणि गोळीबार. दुसरीकडे शस्त्रकारखान्यातल्या कामगारांना जास्तीचं रेशन. उत्पादन वाढलं. लोक आता सरळ झालेत अशी त्याची इतकी खात्री होती की रोज उघड्या मर्सिडीजमधून, सोबत फक्त चालक, तो कचेरीत जायचा. २७ मे १९४२ ला एका वळणावर गाबचिक आणि कुबिश हे दोन पॅराशूटमधून उतरलेले सैनिक वाट पाहत होते. गाबचिकची स्टेनगन ऐन वेळी अडकली. हायड्रिखने पळून जायचं सोडून गाडी थांबवायला लावली आणि पिस्तूल काढलं. कुबिशने बॉम्ब टाकला. जखमेत विष भिनून ४ जूनला तो मेला. सूड म्हणून १० जूनला लिदित्से गावातले १७३ पुरुष एकाच दिवशी मारले, बायकांना छावणीत धाडलं, मुलांपैकी बहुतेकांना विषारी वायूने मारलं, गाव जमीनदोस्त केलं. गाबचिक-कुबिश आणि साथीदार प्रागमधल्या एका चर्चच्या तळघरात लपले होते. तेही चुगलीनेच सापडले, त्यांच्यातल्याच एकाच्या. बक्षीस मोठं होतं.

हायड्रिख गेल्यामुळे काही थांबलं का? काही महिने हिमलरने स्वतः काम पाहिलं, मग जानेवारी १९४३ मध्ये काल्टेनब्रुनर आला. म्युलर आपल्या खुर्चीवर होताच. हत्याकांड उलट वाढलं. म्युलर मे १९४५ मध्ये बर्लिनमधून दिसेनासा झाला. येगर स्वतःच्या खऱ्या नावाने जर्मनीत राहत होता, १९५९ मध्ये पकडला गेला आणि कोठडीत त्याने जीव दिला. लीना हायड्रिखने बाल्टिक समुद्रातल्या फेमार्न बेटावर छोटं हॉटेल चालवलं. पश्चिम जर्मन सरकारने तिला पेन्शन नाकारली तेव्हा ती कोर्टात गेली. नवरा युद्धात कामी आला, त्यामुळे जनरलच्या विधवेचं निवृत्तिवेतन मिळालं पाहिजे, असं तिचं म्हणणं. १९५० च्या दशकात निकाल तिच्या बाजूने लागला. १९८५ साली ती वारली, तोवर तिला पेन्शन मिळत होती.